वाटा आणि पोटगी

हरीण पडले की बघणाऱ्याला वाटते, शिकार झाली. शिकाऱ्याला ठाऊक असते की खरे काम आता सुरू होणार. गोळी लागलेले जनावर जागच्या जागी पडेलच असे नाही. पुष्कळदा ते झाडीत शिरते आणि रक्ताचे थेंब शोधत मागे जावे लागते. सापडले की छातीच्या हाडाखालून पोट उघडायचे, पण सुरी खोल जाऊ द्यायची नाही. आतडे किंवा मूत्राशय फुटले तर मांस नासलेच म्हणून समजा. गळ्यापर्यंत हात घालून श्वासनलिका कापायची, कोथळा एका ओढीत बाहेर काढायचा, पोकळी पुसून वारा लागू द्यायचा. हे सगळे ऊन चढायच्या आत. त्यानंतर सत्तर-ऐंशी किलोचे धूड गाडीपर्यंत ओढत न्यायचे, टांगायचे, सोलायचे, तुकडे करायचे. या एवढ्या खटाटोपात चाप ओढणाऱ्या बोटाचे काम पळभराचे असते.

आता हा शिकारी चाकाच्या खुर्चीत आहे असे समजा. अमेरिकेत अशी माणसे पुष्कळ आहेत आणि तिथल्या राज्यांनी त्यांच्यासाठी नियमही केले आहेत. विस्कॉन्सिनमध्ये अपंग शिकाऱ्याला थांबलेल्या गाडीत बसून बार टाकण्याचा परवाना मिळतो आणि दर ऑक्टोबरात त्यांच्यासाठी हंगामाचे वेगळे दिवस राखलेले असतात. टेक्ससने 2007 साली दृष्टिहीनांना लेसरच्या साहाय्याने नेम धरण्याची मुभा दिली. शेजारी डोळस सोबती हवा, अशी अट. हरीण ओढून आणायला विंच असते, घसरगाडी असते, टांगायला कप्पी असते. यंत्रे पुरी पडत नाहीत तिथे माणूस लागतो. विस्कॉन्सिनचा नियम सोबत्याला जनावर शोधण्याची आणि साफ करण्याची मुभा देतो. परवान्यावरचे नाव मात्र त्या शिकाऱ्याचेच. हरीण त्याचे.

ते खरोखर त्याचे असते का? आणि मारण्यात काही पाप असेल तर तेही सगळे त्याच्या एकट्याचेच का? कर्नाटकातल्या बीदर-कलबुर्गीच्या माळावर हा प्रश्न आज कोणी उघड विचारू शकणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, काळवीट पहिल्या अनुसूचीत गेला, आणि बीदरकडच्या माळांवर त्याचे कळप तुरीच्या आणि ज्वारीच्या पिकात शिरले तरी शेतकऱ्याने हाकारण्यापलीकडे काही करायचे नाही. पण मारणाऱ्याच्या, वाहणाऱ्याच्या आणि खाणाऱ्याच्या हिशेबावर या दोन जिल्ह्यांच्या परिसरात जेवढा बारकाईने विचार झाला, तेवढा फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

त्या हिशेबाची सुरुवात जुन्या शास्त्रात होते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात एक यादी आहे. संमती देणारा, अंगे तोडणारा, प्राण घेणारा, विकत घेणारा आणि विकणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा: हे सगळे घातकच. याच अध्यायात यज्ञासाठी मांसाला मोकळीक आहे, हे खरे. मनुस्मृतीकडून एकवाक्यतेची अपेक्षा करणाऱ्याने ती वाचू नये. पण यादी पक्की आहे. ज्याने सुरी चालवली आणि ज्याने ताटात वाढले, दोघे एकाच पंगतीला.

गंमत अशी की 1972 चा कायदाही जवळजवळ हीच यादी करतो. शिकार म्हणजे काय हे सांगताना तो मारणे, विष घालणे, फासात धरणे, हाका घालणे, आमिष दाखवणे हे सगळे मोजतोच, शिवाय प्राण्याच्या शरीराचा कोणताही भाग काढून घेणे हीसुद्धा शिकारच ठरवतो. मांस जवळ सापडले तर ते बेकायदा आहे असे गृहीत धरले जाते. नाही हे सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्याजवळ सापडले त्याच्यावर. आणि मेलेले जनावर कोणाचे? सरकारचे. मनूने पापाचे जे वाटप केले तेच या कायद्याने गुन्ह्याचे केले. फक्त मांसाचा वाटा सगळ्यांकडून काढून घेतला.

सगळे सारखेच दोषी, हे मात्र सगळ्या शास्त्रकारांना पटलेले नव्हते. आपस्तंब धर्मसूत्रात करवणारा, संमती देणारा आणि करणारा असे तिघे फळाचे भागीदार मानले आहेत, स्वर्ग असो की नरक. आणि ज्याचा हातभार अधिक त्याला फळही अधिक, अशी पुस्ती जोडली आहे. जैनांनी याचा तक्ताच मांडला. कृत, कारित, अनुमोदित, आणि यातले प्रत्येक मनाने, वाचेने, कायेने. म्हणजे हिंसेचे नऊ दरवाजे. हा विचार या भागाला परका नाही. सेडम तालुक्यातले मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट; नवव्या शतकात अमोघवर्षाच्या काळी ते जैन विद्येचे मोठे केंद्र होते. जैनांच्या घरोघरी तीर्थंकर नेमिनाथांची कथा सांगतात. वरात निघाली आहे, वाटेत कोंडलेली हरणे आणि इतर जनावरे ओरडत आहेत. ही कोणासाठी, असे नवरदेव विचारतो. तुमच्याच लग्नाच्या पंगतीसाठी, असे उत्तर येते आणि तो रथ मागे वळवतो. त्याने काही मारले नव्हते, मारायला सांगितलेही नव्हते. पंगत त्याच्या नावाची होती, एवढे त्याला पुरे झाले.

मराठी घरात वाढलेल्याला इथे वाल्या कोळी आठवल्याशिवाय राहत नाही. पापात वाटेकरी होता का, असे त्याने बायकामुलांना विचारले आणि सगळ्यांनी हात झटकले. आमचे पोट भरणे हे तुझे काम, कसे भरतोस ते तू जाण. ही गोष्ट मुलांना सांगताना बायको स्वार्थी ठरते आणि वाल्याला उपरती होते. पण मनूच्या यादीशेजारी ती ठेवून पाहावी. मनूच्या हिशेबाने ती बायको साफ चूक आहे; शिजवणारीही तीच, वाढणारीही तीच. तरीही तिच्या म्हणण्यात एक धागा असा आहे जो सहज तुटत नाही. ज्याचे पोषण करणे दुसऱ्यावर बंधनकारक आहे, त्याला त्या पोषणाच्या मार्गाचा जाब विचारायचा का? लहान मूल, थकलेली आई, अंथरुणाला खिळलेला भाऊ यांच्या ताटात जे पडते ते त्यांनी निवडलेले नसते.

इथून वाट कलबुर्गीजवळच्या मरतूरला जाते. शहाबादजवळचे हे गाव विज्ञानेश्वराचे मानतात. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य 1076 ते 1126 या काळात कल्याणहून, म्हणजे आजच्या बसवकल्याणहून, राज्य करत होता. त्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. बंगालचा परिसर सोडला तर देशातल्या बहुतेक हिंदू कुटुंबांच्या वाटण्या पुढे कित्येक शतके या टीकेप्रमाणे झाल्या. म्हणजे वाटा म्हणजे काय, हे देशाला शिकवणारा माणूस इथला.

त्या शास्त्रात पांगळ्याला वाटा नाही. नपुंसक, पतित, पांगळा, वेडा, मतिमंद, आंधळा, असाध्य रोगी, हे सगळे याज्ञवल्क्याच्या मते 'निरंशक'. त्यांना पोसायचे, पण हिस्सा द्यायचा नाही. विज्ञानेश्वर निर्दय नाही. व्यंग वाटणीच्या आधी असेल तरच हिस्सा जातो, नंतर आले तर जात नाही, औषधाने बरे झाले तर हिस्सा पुन्हा मिळतो, निर्दोष मुलांचा हक्क अबाधित राहतो, असे तो नीट सांगतो. पण मूळ भेद कायम आहे. धडधाकटाला वाटा, पांगळ्याला पोटगी. हा भेद मोडायला 1928 चा कायदा यावा लागला आणि पुरता मिटायला 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा. व्याधी, वैगुण्य किंवा व्यंग या कारणाने कोणी वारसाहक्काला मुकणार नाही असे त्याच्या 28 व्या कलमाने सांगितले.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवले की विसंगती डोळ्यात भरते. घरातल्या अधू माणसाने शिकारीला होकार दिला, चुलीपाशी बसून मांस शिजवले, तर पापात त्याला पुरा वाटा. त्याच घरातल्या जमिनीत मात्र काही नाही. पापाच्या वेळी त्याचे हात मोजायचे आणि मालमत्तेच्या वेळी त्याचे पाय मोजायचे, हे कोणत्याही न्यायाने बसत नाही. अपंग शिकाऱ्याचा धर्मप्रश्न खरा तर इथे आहे. त्याने मारावे की नाही, हा प्रश्न सगळ्यांनाच लागू आहे आणि त्याचे उत्तर त्याच्या पायांवर अवलंबून नाही. दुसऱ्याने ओढून आणलेले, दुसऱ्याने सोललेले हरीण त्याच्याकडे वाटा म्हणून येते की पोटगी म्हणून, हे ठरवणे जास्त कठीण आहे.

गावाकडे बोकड वाट्यावर घेतात तेव्हा ही गोष्ट उघड्यावर दिसते. चार-सहा घरे मिळून जनावर आणतात, कापणारा कापतो आणि मग केळीच्या पानांवर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर वाटे घालतो. प्रत्येक वाट्यात थोडे काळीज, थोडी चरबी, एखादे नळीचे हाड. पैसे ज्याने भरले त्याचा वाटा, मग तो कापायला हजर असो नसो. उभे राहून पाहणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी मूठभर देते ते वेगळे. त्याला वाटा म्हणत नाहीत.

वाट्याचा हक्क कशाने मिळतो याचे एक विलक्षण उत्तर आफ्रिकेत सापडले. रिचर्ड ली हा मानववंशशास्त्रज्ञ 1960 च्या दशकात कलहारी वाळवंटातल्या जु-होआन्सी लोकांमध्ये राहिला. तिथे शिकारीचे मांस वाटण्याचा मान जनावराला पहिला लागलेला बाण ज्याच्या मालकीचा असेल त्याला. सोडणारा कोणीही असो. आणि बाण सतत एकमेकांना दिले-घेतले जात. पाय थकलेला म्हातारा झाडाखाली बसून बाण करतो, तरणा शिकारी तो भात्यात घालून जातो, आणि संध्याकाळी मांस त्या म्हाताऱ्याच्या हाताने वाटले जाते. मूठभर मागायला तो कोणाच्या दारी जात नाही. विस्कॉन्सिनच्या परवान्यात आणि या बाणात एक साम्य आहे, पण कलहारीची रीत अधिक शहाणी वाटते. तिथे ओढणाऱ्याचे श्रमही विसरले जात नाहीत आणि मारणाऱ्याला मिरवूही दिले जात नाही. मोठे जनावर आणणाऱ्याची यथेच्छ टिंगल करायची, हाडकुळे आणलेस म्हणून नावे ठेवायची, अशी तिथली चालच आहे.

आपल्याकडच्या कथांत शिकारी अपंग होतो तो बहुधा देवासाठी किंवा गुरूसाठी. निषादांचा एकलव्य, काळ्या हरणाचे कातडे पांघरलेला, उजवा अंगठा कापून देतो. महाभारत पुढे एक लहानसा तपशील सांगते, तो सहसा कोणी लक्षात ठेवत नाही: त्यानंतरही तो उरलेल्या बोटांनी बाण सोडत राहिला, फक्त पूर्वीइतका वेग राहिला नाही. त्याला रानात कोणी मदत केली का, त्याचे मांस कोणी आणले, हे व्यासांनी सांगितले नाही. याच्या उलट, आजच्या अमेरिकेतला धनुर्धर मॅट स्टुट्झमन जन्मतःच दोन्ही हातांविना. पायाने धनुष्य धरतो. धनुर्विद्येकडे तो वळला तो हरीण मारून घरच्यांचे पोट भरता यावे म्हणून, आणि 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्याने सुवर्ण मिळवले.

बीदर-कलबुर्गीत मात्र सगळ्यांच्या तोंडी असलेला शिकारी म्हणजे बेडर कण्णप्पा. मूळचा तो तमिळ परंपरेतला तिण्णन, श्रीकालहस्तीचा. बाराव्या शतकात सेक्किळारने पेरियपुराणात त्याची कथा लिहिली आणि बसवण्णांच्या परंपरेतल्या कन्नड शिवशरणांनी त्याला आपल्या पुरातन भक्तांत घेतले. 1954 च्या कन्नड चित्रपटात राजकुमार पहिल्यांदा नायक झाले ते याच भूमिकेत, त्यामुळे सीमाभागातल्या मराठी घरांनाही तो अनोळखी नाही. एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. शरणांचा धर्म मांसाला शिवत नाही; बसवण्णांच्या कल्याणात प्राणिहिंसेला जागा नव्हती. तरी त्यांनी या मांस वाहणाऱ्या पारध्याला नाकारले नाही.

कथेत तिण्णन एकटा शिकार करत नाही. नाणन आणि काडन हे दोघे सोबती त्याच्याबरोबर रानडुकराच्या मागे धावतात, तो मारतो, ते वाहून आणतात, नदीकाठी विस्तव पेटवतात. मग तिण्णन मांस भाजतो, एकेक तुकडा दाताखाली घालून पाहतो, कोवळा असेल तो शिवलिंगासाठी पानाच्या द्रोणात ठेवतो, चिवट असेल तो टाकून देतो. अभिषेकाचे पाणी तोंडात भरून आणतो, कारण हात धनुष्याने आणि द्रोणाने अडलेले असतात. पुजाऱ्याला किळस येते. पण हे नीट पाहिले तर ते एका कामसू माणसाचे साधे गणित आहे: दोन हात पुरत नसतील तर तोंड वापरा. पुढे देवाच्या डोळ्यातून रक्त वाहू लागते, तिण्णन बाणाने स्वतःचा डोळा काढून तिथे लावतो. मग देवाचा दुसरा डोळा वाहू लागतो. आता अडचण अशी की आपला दुसरा डोळा काढला की दिसणार नाही, मग तो लावायचा कुठे? म्हणून तो आधी आपला पाय देवाच्या डोळ्यावर खुणेला टेकवतो आणि मग बाण उचलतो. भक्तीची परमावधी म्हणून कीर्तनकार इथे थांबतात. खरे तर आंधळे होऊ घातलेल्या माणसाने केलेली ही अत्यंत व्यवहारी सोय आहे, आणि अपंगत्वासह जगणारा कोणीही ती पाहून ओळखीचे हसेल. देवाने हात धरला तो त्या क्षणी. त्या पावलाचा देवाला राग आला नाही, यात या कथेचे सगळे धर्मशास्त्र आहे.

अपंगाच्या शिकारीवर एक आक्षेप महाभारताच्याच अनुशासनपर्वातून घेता येईल. क्षत्रियाची मृगया तिथे निर्दोष ठरते ती दोन कारणांनी. अगस्त्य ऋषींनी रानातली हरणे सगळ्या देवांसाठी आधीच प्रोक्षण करून ठेवली हे एक. आणि शिकारी आपला जीव पणाला लावून जातो, जनावराने त्याला मारावे किंवा त्याने जनावराला, दोघे समान पातळीवर, हे दुसरे. मग थांबलेल्या गाडीत बसून बार टाकणारा कुठे समान पातळीवर आहे? आक्षेप वजनदार आहे, पण तो चुकीच्या माणसावर रोखलेला आहे. दुर्बीण लावलेली रायफल हातात आली त्या दिवशी ती समता संपली, धडधाकटांचीही. मचाणावर बसणाऱ्या संस्थानिकांना हा प्रश्न विचारायचे कोणाला सुचले नाही. व्हीलचेअरवाल्याला तो लगेच विचारला जातो.

आणि अपंग माणूस नुसता पोसला जातो, हेही नेहमीच खरे नसते. इराकच्या कुर्दिस्तानात शनिदर गुहेत राल्फ सोलेकी यांच्या उत्खननात 1957 साली एका निअँडरथल पुरुषाचा सांगाडा मिळाला. एक डोळा बहुधा निकामी, उजवा हात वाळलेला आणि कोपराखाली नाहीसा झालेला, पायातही दोष. तरी तो चाळिशीपर्यंत जगला. त्या काळात ते म्हातारपणच. त्याचे पुढचे दात विलक्षण झिजलेले आहेत. हात नसल्याने तो कातडी वगैरे दातात धरून काम करत असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. तो खरा असेल तर पोटगीवर जगणारा म्हणून त्याची ओळख पुरी होत नाही.

बीदर-कलबुर्गीच्या रानात हरणांमागे पिढ्यान्‌पिढ्या गेले ते पारधी. कर्नाटकच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी, फासेपारधी, अडविचिंचेर यांच्यासोबत हरणशिकारी हे नावही आहे. 1871 च्या कायद्याने अशा जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि तो डाग कागदोपत्री पुसायला 1952 उजाडले. त्यांच्या शिकारीची जुनी वर्णने वाचली की एक गोष्ट लक्षात येते. ही धावायची शिकार नव्हे. फाशांची लांब माळ जमिनीत खुंट्या ठोकून लावायची, बैलाच्या आडोशाने पुढे सरकायचे, घरच्या माणसांनी हाका घालायचा. कधी शिंगांना फासे बांधलेला माणसाळलेला काळवीट कळपाकडे सोडायचा. रानातला नर त्याच्याशी झुंजायला येतो आणि शिंगात शिंग अडकते. फासे वळणे, त्यांची लवचीकता राखणे, पाळलेल्या काळविटाला हाताला सवय लावणे ही बसून करायची कामे आहेत. त्यांना शाबूत बोटे आणि भरपूर सबुरी लागते, पाय नसले तरी चालतात. एक माणूस, एक बंदूक, एक हरीण ही शिकारीची कल्पना साहेबांची आणि नवाबांची. तांड्यात शिकार सगळ्यांचीच असे.

म्हणूनच नव्या कायद्याची यादी तांड्यावर फार बारीक बसते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन वर्षे, कमाल सात. फास लावणारा, हाका घालणारा, कापणारा सगळे एका मापाचे. हातभार अधिक त्याला फळ अधिक, ही आपस्तंबाची पुस्ती किमान शिक्षेच्या खाली उतरत नाही. आणि धाड पडते तेव्हा पळू शकणारे पळतात. चुलीपाशी सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त कोणाची, हे सांगायला नको. काळवीट वाचलाच पाहिजे, यात शंका नाही; तो इथल्या माळावर आज दिसतो तो या कायद्यामुळेच. पण कायदा फासावरच्या हातांना नुसते गुन्हेगार म्हणून ओळखतो आणि शिकार सुटल्यावर त्याच हातांना कशाचाच वाटेकरी मानत नाही.

तांड्यातला पांगळा माणूस आता सरकारी दिव्यांग पेन्शनचा अर्ज करतो. 2016 च्या कायद्याप्रमाणे ठरावीक सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागते, म्हणून डॉक्टरच्या दाखल्यावर टक्केवारी लिहिलेली असते. विज्ञानेश्वर विचारत असे की व्यंग वाटणीच्या आधीचे की नंतरचे. आज खिडकीवरचा कारकून टक्के विचारतो. फासे कोण वळायचे, याला अर्जात रकाना नाही.